शेक्सपियरचं ११६ वं सुनीत : अभ्यासासाठी काय वाचावं, काय ऐकावं?

कोथरूड_ते_मँचेस्टर

नमस्कार मंडळी,

लेक इथे ए लेव्हलला (आपल्या बारावीसारखी परीक्षा) आहे, बोर्ड ए क्यू ए, विषयांत इंग्रजी साहित्य. त्यात 'लव्ह थ्रू द एजेस' नावाचा पेपर आहे आणि त्यासाठी १९०० पूर्वीच्या प्रेमकवितांचा एक लहानसा संग्रह लावलाय, टॉमस वायटपासून पुढे. शेक्सपियरचं त्यात एकच सुनीत, ११६ वं. 'लेट मी नॉट टु द मॅरेज ऑफ ट्रू माइंड्स' अशी सुरुवात, म्हणजे खऱ्या मनांच्या लग्नात मी अडथळे मान्य करणार नाही. सोबत नाटक 'ऑथेल्लो' आणि कादंबरी 'द ग्रेट गॅट्सबी'.

तिची तक्रार अशी की संग्रहातल्या बाकीच्या कवितांत काहीतरी घडतं. डनच्या कवितेत पिसू चावते, मार्व्हेलचा प्रियकर घाईला आलाय. इथे मात्र एक माणूस चौदा ओळी फक्त 'प्रेम अढळ असतं' एवढंच सांगतोय. "बाबा, हे लोक लग्नात वाचतात. यावर निबंध काय लिहायचा?"

मी केमिकल इंजिनियर, कवितेशी संबंध रेडिओवरच्या भावगीतांपुरता. नेटवर शोधलं तर जिथे जावं तिथे तोच सारांश आणि तोच 'थीम्स'चा तक्ता. इथे इंग्रजी शिकवणारे, शिकणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतो. स्वतः वापरलेलं सांगा. पुस्तक, साइट, ध्वनिमुद्रण काहीही चालेल. विकत घ्यायचं असेल तर का घ्यायचं तेही लिहा.

एमए_पार्ट_टू

फुकटातलं आधी सांगते, कारण मी त्यावरच जगतेय.

पहिलं, वॉशिंग्टनच्या फोल्जर शेक्सपियर लायब्ररीची साइट. सगळी १५४ सुनीतं आहेत, संहिता भरवशाची (संपादक मोवॅट आणि वर्स्टीन) आणि उतरवूनही घेता येते. कुठल्यातरी 'कोट्स'च्या साइटवरून कविता उचलू नका, तिथे विरामचिन्हं मनाला येतील तशी टाकलेली असतात.

दुसरं, १६०९ चा मूळ छाप. त्याच्या पानांचे फोटो नेटवर सहज मिळतात. नुसते बघून सोडू नका, लेकीला ते पान एकदा हाताने उतरवायला सांगा. व्हीच्या जागी यू, लांबलचक एस, शेवटच्या दोन ओळी आत सरकवलेल्या. सुरुवातीला वैताग येतो, पण हात हळू चालतो म्हणून डोळाही हळू चालतो. गंमत म्हणजे छापणाऱ्याने ११६ च्या डोक्यावर ११९ आकडा टाकलाय!

पुस्तकांत जॉन केरिगनची पेंग्विन आवृत्ती (१९८६) मला पुरली. जुन्या बाजारात स्वस्तात मिळाली होती. टिपा मागे आहेत, सारखी पानं उलटावी लागतात, तेवढा एक त्रास.

लिब्रिवॉक्स या फुकट ऑडिओबुकांच्या साइटवर वाचनं आहेत. स्वयंसेवकांची असल्यामुळे दर्जा कमीजास्त.

तिरकस

चौदा ओळी आहेत. पाठ करा, विषय संपला. आमच्या वेळी गाइड होतं, आम्ही पास झालो.

पहाटवारा

@तिरकस, त्यातलं आता काही आठवतंय का?

तिरकस

मार्क आठवतात.

निवृत्त_मास्तर

लेकीचं म्हणणं रास्त आहे. ११६ एकटं वाचलं की गुळगुळीत लागतं. मी वर्गात ते कधीच एकटं शिकवलं नाही. आधीचं ११५ आणि नंतरचं ११७ अशी तीन एकत्र वाचायला सांगा, एका बैठकीत. खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं, आणि कुठल्याही गाइडपेक्षा जास्त उपयोग.

११५ ची पहिलीच ओळ कबुलीची आहे : 'दोज लाइन्स दॅट आय बिफोर हॅव रिट डू लाय'. मी पूर्वी लिहिलं ते खोटं होतं. काय लिहिलं होतं? की तुझ्यावर याहून जास्त प्रेम करणं मला शक्य नाही. आज जास्त करतोय, म्हणजे तेव्हाचं खोटं. तिथे काळ काय काय करतो त्याची यादी आहे : शपथांच्या आड येतो, राजांचे हुकूम फिरवतो. थोडक्यात, प्रेम बदलतं, वाढत्या दिशेने का होईना.

पान उलटलं की ११६ म्हणतं, बदल झालेला दिसताच जे बदलतं ते प्रेमच नव्हे. शेवट 'आय नेव्हर रिट' वर. म्हणजे ११५ च्या पहिल्या ओळीत 'मी लिहिलं ते खोटं', आणि ११६ च्या शेवटच्या ओळीत 'हे चुकीचं ठरलं तर मी कधी लिहिलंच नाही'.

आता ११७. सुरुवात 'अ‍ॅक्यूज मी धस', माझ्यावर असे असे आरोप ठेव. पुढे आरोप तो स्वतःच मोजून दाखवतो. मी तुझ्याकडे दुर्लक्ष केलं. मी 'अननोन माइंड्स'बरोबर वेळ घालवला (वरच्या सुनीतातली 'ट्रू माइंड्स' आठवा). तुझ्या नजरेपासून जास्तीत जास्त दूर नेईल अशा प्रत्येक वाऱ्याला मी शीड उभारलं. ११६ मध्ये भरकटलेल्या जहाजाला तारा दाखवणारा हाच गृहस्थ! आणि सगळं कबूल करून झाल्यावर वर म्हणतो, हे मी तुझ्या प्रेमाची निष्ठा पारखायला केलं.

हे तिन्ही वाचल्यावर ११६ चा सूर कसा ऐकू येतो ते लेकीला विचारा. मला त्यात लग्नाच्या मंडपातला शांतपणा कधीच ऐकू आला नाही. कुणीतरी समोर उभं आहे, त्याने काहीतरी सुनावलंय, आणि हा तावातावाने उत्तर देतोय. पाचव्या ओळीतलं 'ओ नो!' बघा. व्याख्या सांगणारा माणूस मध्येच 'छे, छे!' कशाला म्हणेल? सगळी कविता नकारांनी भरलीय : नॉट, नॉर, नेव्हर, नो. प्रेम काय आहे यापेक्षा काय नाही हेच जास्त वेळा येतं.

हे वाचन माझ्या पदरचं नाही. हेलन व्हेंडलर यांचं 'दि आर्ट ऑफ शेक्सपियर्स सॉनेट्स' (हार्वर्ड, १९९७) बघा. प्रत्येक सुनीतावर एक स्वतंत्र लेख, सोबत १६०९ चं पान आणि आजची संहिता. ११६ हे दुसऱ्या कुणाच्यातरी म्हणण्याचं खंडन आहे, हा मुद्दा त्यांनी नीट मांडलाय. पुस्तक जाडजूड आणि महाग, विकत घेऊ नका. ग्रंथालयातून काढा आणि ११५ ते ११७ ची पानं वाचून परत करा.

कोथरूड_ते_मँचेस्टर

मास्तर, दंडवत. ११७ आम्ही दोघांनी आत्ताच वाचलं. लेकीची पहिली प्रतिक्रिया मराठीत लिहिण्यासारखी नाही, पण कविता आवडल्याचं लक्षण आहे.

तिरकस

मास्तर, गोष्ट छान रंगवलीत. पण ११५, ११६, ११७ हा क्रम शेक्सपियरनेच लावला हे कशावरून? पुस्तक काढलं टॉमस थॉर्प या प्रकाशकाने. वरची अर्पणपत्रिकासुद्धा 'टी. टी.' म्हणजे त्याच्याच सहीची. कवीने मुद्रितं तपासली असती तर ११६ वर ११९ छापून गेलं असतं का? एडमंडसन आणि वेल्स यांनी २०२० मध्ये केंब्रिजकडून सगळी सुनीतं काढली, त्यात हा क्रमच मोडून कालानुक्रमे लावली, नाटकांतली सुनीतंही मध्ये घातली. त्यांच्या पुस्तकात तुमचं हे तीन अंकी नाटक कुठे राहतं?

पहाटवारा

गाइड वाचून पास झालेले लोक एडमंडसन-वेल्स वाचतात होय?

तिरकस

पास झाल्यावर वाचलं. सक्ती नव्हती म्हणून.

निवृत्त_मास्तर

@तिरकस, प्रश्न योग्य आहे आणि परीक्षेतही उपयोगी. क्रम कवीचा की प्रकाशकाचा यावर वाद आहे. कॅथरिन डंकन-जोन्स यांनी आर्डन आवृत्तीत (१९९७) बाजू घेतली की १६०९ चं पुस्तक कवीच्या संमतीचं आहे. उलट बाजूचेही पुष्कळ आहेत. माझं म्हणणं एवढंच की १६०९ साली ज्याने ते पुस्तक हातात घेतलं त्याला ११६ च्या आधी ११५ आणि नंतर ११७ दिसलं. लावलं कुणीही असो. शिवाय 'रिट', 'माइंड्स', जहाज, 'प्रूव्ह' आणि 'लव्ह'चं यमक हे सगळं शेजारच्या कवितांत पुन्हा येतं, ते खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरच्या हलगर्जीपणाने येत नाही.

निबंधात 'शेक्सपियरने मुद्दाम असं लावलं' असं लिहू नये. 'छापील क्रमात वाचलं तर असं दिसतं' असं लिहावं. वाक्यही खरं राहतं आणि परीक्षकालाही कळतं की मुलीला वाद माहीत आहे.

आणि हे सुनीत शेजाऱ्यांपासून तोडायचं काम आजच्या लग्नपत्रिकांनी सुरू केलं नाही. १६४० मध्येच जॉन बेन्सन नावाच्या प्रकाशकाने सुनीतांचा क्रम मोडला, काही एकमेकांना जोडली आणि त्यांना मथळे दिले. ११६ ला मथळा मिळाला 'खऱ्या प्रेमाचं चित्र' अशा अर्थाचा. १७८० मध्ये एडमंड मलोन या संपादकाने १६०९ चा पाठ परत आणेपर्यंत बहुतेक वाचक बेन्सनचंच वाचत होते. याच्याही आधी-नंतर कधीतरी चार्ल्स राजाच्या दरबारातल्या हेन्री लॉज या संगीतकाराने याला चाल लावली, ती तर शब्द बदलून आणि पदरच्या ओळी घालून. तुमची लेक ज्या गुळगुळीतपणाला कंटाळली तो फार जुना आहे.

दर्यावर्दी

साहित्यातलं मला कळत नाही. पण पाच ते आठ या ओळी आमच्या खात्यातल्या आहेत म्हणून लिहितो.

'इट इज द स्टार टु एव्हरी वाँडरिंग बार्क, हूज वर्थ्स अननोन, ऑल्दो हिज हाइट बी टेकन.' बार्क म्हणजे जहाज. 'हाइट' घेणे म्हणजे ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची अंशांत मोजणे. ध्रुवतारा जितके अंश वर, साधारण तितका तुमचा अक्षांश. मुंबईहून बघितलं तर ध्रुव सुमारे १९ अंशांवर, लंडनहून ५१ च्या वर. शेक्सपियरच्या काळचे खलाशी हे क्रॉस-स्टाफने मोजायचे : एक लांब दांडी आणि तिच्यावर सरकणारी आडवी पट्टी. हलत्या डेकवर उभं राहून पट्टीचं एक टोक क्षितिजाला, दुसरं ताऱ्याला लावायचं. आम्ही सेक्स्टंट वापरला, तत्त्व तेच.

म्हणजे कवी म्हणतो, मोजमाप घेता येतं, त्यावर जहाज घरी येतं, पण त्या ताऱ्याचं मोल काय ते मोजणाऱ्याला माहीत नसतं. यात भावनेचं काही नाही, रोजच्या कामाची गोष्ट आहे. मला तर ही सगळ्यात व्यावहारिक ओळ वाटली.

एक मात्र सांगतो. पाचव्या ओळीतला 'एव्हर-फिक्स्ड मार्क' (कधी न हलणारी खूण) म्हणजे लाइटहाऊस असं गाइडांत सरसकट देतात. त्या काळी इंग्लंडच्या किनाऱ्यावर बहुतेक ठिकाणी चर्चचे मनोरे, उंच झाडं, लाकडी खुणा यांवरच भिस्त असायची. त्या 'सी-मार्क'साठी १५६६ मध्ये पार्लमेंटने कायदा करून ट्रिनिटी हाउसला (खलाशांसाठी खुणा आणि दिवे सांभाळणारी संस्था) अधिकार दिले. ट्रिनिटी हाउसने लोस्टॉफ्टला मेणबत्त्यांचे दिवे उभारले ते १६०९ साली, म्हणजे सुनीतं छापली त्याच वर्षी. खडकावरचं, लाटा अंगावर घेणारं एडिस्टोनचं पहिलं लाइटहाऊस १६९८ चं. तेव्हा मुलीने डोळ्यांपुढे पोस्टरवरचं लाइटहाऊस आणू नये. दिवसा दिसणारी, वादळात न हलणारी खूण आणावी.

आणखी एक. ध्रुव तरी कुठे पूर्ण स्थिर? त्या काळी तो खऱ्या ध्रुवबिंदूपासून जवळजवळ तीन अंश बाजूला होता, रात्रभरात लहानसं वर्तुळ फिरायचा. खलाशांना हे माहीत होतं आणि ते त्याची दुरुस्ती करून घ्यायचे. कवीला माहीत होतं का ते तुम्ही ठरवा.

पहाटवारा

काका, प्रतिसाद एक नंबर. ध्रुवावरून आठवलं, 'ज्युलियस सीझर'मध्ये सीझर म्हणतो, मी उत्तरेच्या ताऱ्यासारखा अढळ आहे. आणि त्यानंतर काही क्षणांत त्याला भोसकतात. अढळपणाची ग्वाही देणाऱ्यांवर शेक्सपियरचा फारसा विश्वास दिसत नाही.

सांजवेळ

किती सुंदर चर्चा! आपल्याकडे लग्नात सप्तपदीनंतर वधूला ध्रुव दाखवतात ना, अगदी तेच झालं की हे. निबंधात हे घालायला हरकत नाही. परीक्षकांना वेगळा दृष्टिकोन आवडेल.

लेस्टरची_मास्तरीण

मी इथे सिक्स्थ फॉर्मला (आपली अकरावी-बारावी) हाच पेपर शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

@सांजवेळ, घरी गप्पांत जरूर सांगावं, मुलीला तो तारा लगेच जवळचा वाटेल. उत्तरपत्रिकेत मात्र नको. तिथे संदर्भ हवा तो त्या कवितेच्या काळाचा. आणि लग्नविधीचा खरा संदर्भ कवितेतच बसलाय. पहिल्या दोन ओळींतला 'इम्पेडिमेंट्स' हा शब्द चर्चच्या 'बुक ऑफ कॉमन प्रेअर'मधल्या विवाहविधीतून येतो. पुजारी जमलेल्यांना विचारतो, या दोघांच्या लग्नात काही अडचण कुणाला ठाऊक असेल तर आत्ता सांगा. शेक्सपियरच्या प्रत्येक श्रोत्याने तो प्रश्न दर लग्नात ऐकलेला. कविता त्या क्षणाला सुरू होते, जिथे कुणी हात वर केला तर लग्न मोडू शकतं! १५५९ च्या प्रेअर बुकचा तो विधी नेटवर फुकट आहे, दोन पानं वाचायला सांगा.

कोथरूडकर, तुमच्याकडे 'ऑथेल्लो' आहे हे तर भाग्यच. तीन ठिकाणी खुणा करून ठेवा.

शेवटच्या अंकात ऑथेल्लो म्हणतो, हा माझ्या प्रवासाचा शेवट, माझ्या शिडाच्या शेवटच्या पल्ल्याचा 'सी-मार्क'. दर्यावर्दी काकांची तीच खूण. सुनीतात ती जहाजाला वाचवते, नाटकात तिथे जहाज फुटतं.

चौथ्या अंकात त्याची बायको डेस्डिमोना म्हणते, त्याच्या निर्दयपणाने माझा जीव जाईल, पण माझं प्रेम डागाळणार नाही. 'ऑर बेंड्स विथ द रिमूव्हर टु रिमूव्ह' (समोरचा दूर गेला म्हणून जे वाकून दूर होतं ते प्रेम नव्हे) या ओळीला यापेक्षा चांगलं भाष्य सापडणार नाही. पण मग प्रश्न येतो, की असं न वाकणारं प्रेम तिला कुठे घेऊन जातं? हा प्रश्न मुलीने विचारला तर निबंध उभा राहिला.

तिसऱ्या अंकात ऑथेल्लो बायकोविरुद्ध कान भरणाऱ्या इयागोकडे डोळ्यांनी दिसणारा पुरावा मागतो. सुनीत संपतं 'अपॉन मी प्रूव्ह्ड'वर. प्रेमात पुरावा मागणं म्हणजे काय, हा धागा दोन्हीकडे आहे.

'गॅट्सबी'साठी : त्याच्या जुन्या प्रेयसीच्या, डेझीच्या धक्क्यावरचा हिरवा दिवा. तोही पाण्यापलीकडचा, तोही खूण म्हणूनच. गॅट्सबी बदल मान्यच करत नाही, भूतकाळ परत आणता येतो म्हणतो. ११६ च्या व्याख्येने तो आदर्श प्रेमी ठरतो, आणि कादंबरी त्याचं काय करते (शेवटी तो मारला जातो) ते आपल्याला माहीत आहे. आमच्याकडे दरवर्षी मुलं या जोडीवर उत्तम लिहितात, फक्त 'गॅट्सबीचं प्रेम खरं नव्हतं' असं एका वाक्यात निकालात काढू नये. या भागाला पुस्तक सोबत नेता येतं, त्यामुळे ओळी पाठ करण्यात जीव घालवू नका. 'ऑथेल्लो'चा प्रश्न वेगळ्या भागात असतो, तिथे नाटक जवळ नसतं. तेव्हा वरच्या तीन खुणा घरच्या अभ्यासासाठी, प्रत्येक भागात जेवढं विचारलंय तेवढंच लिहायचं.

कोथरूड_ते_मँचेस्टर

हिरव्या दिव्याचं वाचून लेक माझ्या हातून फोन घेऊन गेली आहे. प्रतिसाद देतोय तो बायकोच्या फोनवरून.

एक शंका. यमकं जुळत का नाहीत? 'लव्ह' आणि 'रिमूव्ह', 'कम' आणि 'डूम', शेवटी तर 'प्रूव्ह्ड' आणि 'लव्ह्ड'. एवढा मोठा कवी. केशवसुत-तांब्यांकडे असलं चाललं नसतं.

एमए_पार्ट_टू

तेव्हा जुळत होती! सात जोड्यांपैकी या तीन आज बिघडल्यात, उच्चार बदलल्यामुळे. शेक्सपियरचा समकालीन नाटककार बेन जॉन्सन याच्या व्याकरणात (छापलं १६४० मध्ये) ऱ्हस्व उच्चाराच्या उदाहरणांत 'लव्ह' आणि 'प्रूव्ह' शेजारी शेजारी दिलेत.

यासाठी डेव्हिड क्रिस्टल आणि त्यांचा मुलगा बेन क्रिस्टल यांचा ओपन युनिव्हर्सिटीचा व्हिडिओ बघा. ग्लोब थिएटरमध्ये चित्रित केलाय, दहा मिनिटांचा आहे. बेन त्यात नेमकं ११६ म्हणून दाखवतो, आधी आजच्या उच्चारात, मग त्या काळच्या. शेवटची दोन ओळींची जोडी कुलूप लागावं तशी बसते. माझ्या मते या सुनीतासाठी नेटवर याहून उपयुक्त काही नाही.

निवृत्त_मास्तर

व्हिडिओ उत्तम आहे, दुजोरा.

वृत्ताचं थोडं सांगतो, कारण आपल्या लोकांचा इथे घोळ होतो. आपण लघु-गुरू मोजतो, इंग्रजीत आघात मोजतात. दहा अक्षरं, त्यांत पाच आघात, एक सोडून एक, हा नेहमीचा साचा. पण ११६ ची पहिलीच ओळ त्या साच्यात बसत नाही. 'लेट मी नॉट' यात जोर कशावर द्यायचा? 'लेट'वर दिला तर विनंती वाटते. 'मी'वर दिला तर, दुसरे काय म्हणायचं ते म्हणोत, मी तरी नाही म्हणणार. 'नॉट'वर दिला तर ठाम नकार. लेकीला तिन्ही तऱ्हांनी मोठ्याने म्हणायला सांगा आणि फोनवर ध्वनिमुद्रित करून ऐकवा. व्हेंडलर यांचं सगळं वाचन या एका निवडीवर उभं आहे.

दुसरं काम. आपण संस्कृत श्लोकाचा अन्वय लावायचो, तसा या चौदा ओळींचा लावायचा. कर्ता कुठला, क्रियापद कुठलं, सर्वनाम कुणाचं. 'विदिन हिज बेंडिंग सिकल्स कंपस कम', इथे 'हिज' कुणाचं? काळाचं. त्याच्या विळ्याच्या टप्प्यात कोण येतं? गुलाबी ओठ आणि गाल. प्रेम येत नाही. पुढच्या ओळीत 'हिज ब्रीफ अवर्स अँड वीक्स', तेही काळाचेच, आणि कवी त्यांना 'ब्रीफ' म्हणून हिणवतो. एवढं लावल्यावर गाइडची गरज उरत नाही. अडलं तर स्टीफन बूथची येल आवृत्ती (१९७७) बघावी. डाव्या-उजव्या पानांवर जुना छाप आणि नवी संहिता समोरासमोर, आणि मागे टिपांचं अरण्य. बूथ एका शब्दाचे पाच अर्थ देतो आणि कुठलाच सोडत नाही. सतरा वर्षांच्या मुलीने तो थोडाच वाचावा, नाहीतर निबंध कधी पुरा होणार नाही.

पहाटवारा

अवांतर : केशवसुतांचा विषय निघालाच आहे तर, चौदा ओळींचा हा प्रकार मराठीत त्यांनीच आणला. त्यांचं 'मयूरासन आणि ताजमहाल' हे मराठीतलं पहिलं सुनीत मानतात. कोथरूडकर, तुम्ही ते वाचा, लेकीला सक्ती नको. आधी बांधणी, मग कलाटणी हे आपल्या भाषेत एकदा दिसलं की ११६ मध्ये शोधणं सोपं जातं.

चित्रपट चालत असतील तर १९९५ चा 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'. पावसात टेकडीवर उभी राहून मरिअ‍ॅन दूरवरच्या घराकडे बघत हेच सुनीत म्हणते, आणि ज्याच्यासाठी म्हणते तो केव्हाच दुसरीकडे गेलाय. मूळ कादंबरीत हा प्रसंग नाही. पटकथा लिहिणाऱ्या एमा थॉम्पसनने ११६ बरोबर वाचलं होतं असं माझं मत.

बातमीदार_२

एवढं सगळं कशाला? कुठल्याही एआयला विचारा, दोन मिनिटांत निबंध तयार.

लेस्टरची_मास्तरीण

दरवर्षी येतात असे. 'प्रेम अढळ असतं' हेच चारशे शब्दांत सांगितलेलं असतं आणि सगळ्यांच्या निबंधात लाइटहाऊस असतं.

दर्यावर्दी

पोस्टरवरचंच असणार.

कोथरूड_ते_मँचेस्टर

शनिवार-रविवार यातच गेला. केलं ते असं : १६०९ चं पान तिने उतरवलं, तीन सुनीतं वाचली, व्हिडिओ पाहिला, अन्वय लावला. ग्रंथालयात व्हेंडलर मिळालं, बूथसाठी मागणी नोंदवली. केरिगनची जुनी प्रत मागवली आहे.

तिने एक मुद्दा काढलाय, तो बरोबर आहे का सांगा. तिचं म्हणणं, शेवटच्या दोन ओळी ही पैज नसून चलाखी आहे. 'हे चुकीचं ठरलं तर मी कधी लिहिलं नाही आणि कुणी कधी प्रेम केलं नाही.' पण लिहिलेलं तर आपल्या समोर आहे, म्हणजे तो हरूच शकत नाही. त्यामुळे त्याने सिद्ध काहीच केलं नाही, फक्त प्रतिवाद्याला बोलायची जागा ठेवली नाही. आणि ११७ मध्ये तोच आरोपी म्हणून उभा आहे.

तिरकस

मुलगी वकील होणार. मुद्दा चोख आहे. फक्त उलट बाजूही लिहायला सांगा : इतकी पक्की नाकेबंदी माणूस केव्हा करतो? जेव्हा त्याला स्वतःलाच खात्री हवी असते तेव्हा.

निवृत्त_मास्तर

@तिरकस, हे तुमच्या गाइडात होतं का हो?

लेस्टरची_मास्तरीण

मुद्दा वापरायचाच. पण सुरुवात त्याने करू नका. आधी पहिल्या ओळीतला नकार, मग 'इम्पेडिमेंट्स', मग तारा, आणि ही चलाखी शेवटी. तिथे गॅट्सबी आणला तर जागाही पुरेल. वेळ लावून लिहायला लावा. एकच कविता जास्त आवडली की मुलं कादंबरीला शेवटचा परिच्छेद देतात आणि मार्क तिथे जातात.

आणि हो, प्रियकर की प्रेयसी यावर घसरू नका. पहिली १२६ सुनीतं एका तरुणाला उद्देशून आहेत असं सर्रास सांगतात, पण ११६ मध्ये 'तू' हा शब्दच नाही. एका वाक्यात तेवढं नोंदवलं की पुरे.

एमए_पार्ट_टू

वाचनखूण साठवली. माझ्या पेपरला १३० आहे, 'माय मिस्ट्रेस आइज'. त्याचा वेगळा धागा काढते. मास्तर, मास्तरीणबाई आणि तिरकस, तिघांनीही यायचं आहे. दर्यावर्दी काका, त्यात जहाज नाही, तरी या.